रिपोर्टातला ठळक आकडा: रक्तात पांढऱ्या पेशी किती असाव्यात?

समजा, एका माणसाच्या दंडातून एकाच वेळी दोन नळ्या रक्त काढलं आणि दोन वेगळ्या लॅबना पाठवलं. दोन्हीकडे पांढऱ्या पेशींचा आकडा आला १०,४००. पहिल्या लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापली आहे ४,००० ते १०,०००. तिथे हा आकडा ठळक होतो, शेजारी वर जाणारा बाण येतो. दुसऱ्या लॅबची रेंज ४,००० ते ११,०००. तिथे तोच आकडा साध्या अक्षरात, बाकीच्या आकड्यांसारखाच. रक्त तेच आणि माणूसही तोच, पण पहिला रिपोर्ट पाहून घरात कोणाला झोप लागत नाही.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडला की माणसं आधी नाव बघत नाहीत, ठळक आकडा शोधतात. तो दिसला की चेहरा उतरतो. ‘ताई, काउंट वाढलाय का?’ हा प्रश्न मी रोज ऐकते. म्हणून ती ठळक अक्षरं कशी ठरतात आणि त्यांच्याकडे किती लक्ष द्यायचं, हे एकदा सविस्तर सांगावंसं वाटलं.

नॉर्मल रेंज निसर्गाने आखून दिलेली नाही. ती माणसांच्या मोजणीतून निघते. निरोगी प्रौढ माणसं गोळा करायची, किमान १२० तरी असावीत असा प्रयोगशाळाशास्त्राचा दंडक आहे. सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे. मग सर्वांत खालचे अडीच टक्के आणि सर्वांत वरचे अडीच टक्के सोडायचे. १२० माणसांत म्हणजे इकडचे ३ आणि तिकडचे ३. मधल्या ११४ जणांचे आकडे जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात, ती झाली रेंज.

आता त्या सोडलेल्या ६ जणांचं काय? तेही निरोगीच होते. निरोगी म्हणूनच त्यांना निवडलं होतं. त्यांना आजार नाही, फक्त ते ओळीच्या टोकाला उभे होते. म्हणजे रेंजच्या व्याख्येतच हे बसवलेलं आहे की शंभरातल्या पाच धडधाकट माणसांचा आकडा रेंजच्या बाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर १०० निरोगी माणसांपैकी साधारण ६४ जणांच्या रिपोर्टात निदान एक तरी आकडा ठळक येईल. हा नुसता गणिताचा परिणाम आहे. वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं आणि एखादा बाण दिसला, तर हा हिशेब आधी आठवावा.

प्रत्येक लॅब १२० माणसं गोळा करत बसत नाही. बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकातली किंवा मशीनच्या कंपनीने दिलेली रेंज घेतात आणि ती आपल्याकडच्या माणसांना लागू पडते का हे थोड्या निरोगी लोकांवर पडताळून बघतात. म्हणून दोन लॅबच्या रेंज थोड्या वेगळ्या असतात.

आता प्रत्यक्ष आकडे. प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००. एक मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर, सुईच्या टोकावर मावेल इतका थेंब. (काही रिपोर्टांत ५,२०० ऐवजी नुसतं ५.२ छापलेलं असतं, कारण तिथे एकक हजारांत असतं. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘पाच हजारांवरून पाचवर आल्या’ म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. आकड्याशेजारचं एकक आधी वाचावं.)

या पेशी पाच प्रकारच्या. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ पसरून, लीशमन रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्या ओळखू येतात. सर्वांत जास्त दिसतात न्यूट्रोफिल. त्यांचं केंद्रक एकसंध नसतं, दोन ते पाच तुकडे बारीक धाग्याने जोडल्यासारखं दिसतं. त्या ४० ते ८० टक्के असतात, नगात म्हणाल तर २,००० ते ७,०००. जिवाणूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या याच. मग लिंफोसाइट, गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर पातळ कड. त्या २० ते ४० टक्के, १,००० ते ३,०००. मोनोसाइट आकाराने सर्वांत मोठ्या, २ ते १० टक्के, २०० ते १,०००. इओसिनोफिल तर एकदा पाहिली की विसरत नाही. पेशीत केशरी-लाल दाणे गच्च भरलेले असतात, डाळिंबाची फोड उघडावी तसे. त्या १ ते ६ टक्के, ५०० च्या आत. उरल्या बेसोफिल, शाईच्या ठिपक्यांनी माखलेल्या. त्या शंभरात एखादी मिळते, पुष्कळदा एकही मिळत नाही आणि त्यात काही बिघडत नाही. रंगांवरून पेशी ओळखण्याची ही पद्धत पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ च्या सुमारास घालून दिली. इओसिन नावाचा रंग ज्यांना आवडीने धरतो त्या इओसिनोफिल, असं ते नामकरण आहे.

प्रत्येक पेशीला टक्केवारी आणि नग असे दोन आकडे का दिले, ते आता सांगते. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

कोल्हापूरच्या माझ्या आत्याने मध्यंतरी रात्री साडेदहाला रिपोर्टचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. ‘अगं, लिंफोसाइट शेहेचाळीस आलेत. चाळीसच्या वर नकोत म्हणे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, असंच त्यांच्या दिरांचं निघालं होतं.’ दिरांना काय झालं होतं ते तिला तोंडाने म्हणवलं नाही. मी म्हटलं, आत्या, सर्वांत वरची ओळ वाच, एकूण पांढऱ्या पेशी किती आहेत? ५,२००. आता ५,२०० चे ४६ टक्के कर. २,३९२. लिंफोसाइट असाव्यात १,००० ते ३,०००. तुझ्या व्यवस्थित त्यातच आहेत.

मग ४६ टक्के ठळक कशाने झालं? तिच्या न्यूट्रोफिल ४४ टक्के होत्या, म्हणजे २,२८८. रेंजमध्येच, पण खालच्या अंगाला. पंगतीत तीस मोठी माणसं आणि वीस मुलं जेवायला बसली आहेत, तर मुलं चाळीस टक्के. दहा मोठी माणसं हात धुवायला उठली की मुलं एकदम पन्नास टक्के होतात. नवं मूल एकही आलेलं नसतं. टक्केवारीत नेहमी शेजाऱ्याचा आकडा मिसळलेला असतो. शरीराला मात्र टक्के कळत नाहीत, त्याच्या कामी येतात त्या प्रत्यक्ष पेशी.

उलटी फसगत अधिक काळजीची. एखाद्याच्या एकूण पेशी ३,४०० आणि लिंफोसाइट २२ टक्के. टक्केवारी रेंजमध्ये, अक्षरं साधी, बाण नाही. पण ३,४०० चे २२ टक्के म्हणजे ७४८, हजाराच्या खाली. डोळा ठळक अक्षर शोधत खाली जातो आणि खरी कमी असलेली पेशी नजरेतून सुटते. आता बऱ्याच रिपोर्टांत ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’ नावाने नगाचे आकडे खाली वेगळे छापतात. ते असतील तर तेच वाचा, नसतील तर मोबाइलवर गुणाकार करा. एकूण गुणिले टक्के भागिले शंभर, इतकंच.

आणि तो एकूण आकडा तरी किती पक्का? आम्ही शिकत होतो तेव्हा हाताने मोजायचो, त्यामुळे याचा अंदाज बोटांत बसला आहे. ०.३८ मिलिलिटर टर्कच्या द्रावात २० मायक्रोलिटर रक्त मिसळायचं. त्या द्रावात लाल पेशी विरघळून जातात आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळट दिसू लागतात. न्यूबाउअर चेंबर म्हणजे बारीक रेघांची जाळी कोरलेली जाड काच. तिच्या चार कोपऱ्यांत एकेक मोठा चौकोन, त्यात सोळा-सोळा लहान घरं. दोन बाजूंच्या रेघेवरच्या पेशी धरायच्या, उरलेल्या दोन बाजूंच्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. चारही चौकोनांची बेरीज गुणिले ५०. म्हणजे १०४ पेशी दिसल्या तर आकडा ५,२००. एक पेशी इकडची तिकडे झाली की ५० चा फरक. आणि नुसत्या योगायोगाने १०४ च्या जागी ९० किंवा ११८ दिसू शकतात, म्हणजे ४,५०० किंवा ५,९००. तंत्रज्ञ कितीही काटेकोर असला तरी.

आता हे काम मशीन करतं. वॉलेस कोल्टर या अमेरिकी माणसाने युक्ती काढली की पेशींना एका बारीक छिद्रातून एकेक करून जाऊ द्यायचं आणि प्रत्येक वेळी विजेच्या प्रवाहाला बसणारा झटका मोजायचा. त्याचं पेटंट १९५३ चं. मशीन हजारो पेशी मोजतं, त्यामुळे योगायोगाची चूक खूपच कमी होते. पण मशीनला नळीत काय घडलं ते कळत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट केली नाही तर आत बारीक गुठळी होते. पेशी तिच्यात अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. लहान गावातून घाईत आलेल्या नमुन्यात मी अशी गुठळी काडीने बाहेर काढलेली आहे. आकडा अगदीच अनपेक्षित आला तर पुन्हा रक्त द्या म्हणतात, ते पैशासाठी नव्हे.

मशीनचा आकडा बरोबर असला तरी तो त्या क्षणाचा असतो. रक्त हा पेशींचा रस्ता आहे, घर नाही. न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत तयार होतात, काही तास रक्तात फिरतात आणि ऊतींत उतरतात. रक्तात असतानाही त्यातल्या जवळपास निम्म्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि त्या मोजणीत येतच नाहीत. धावत जिना चढून आलात, सुईला घाबरलात, खूप रडलात, की अ‍ॅड्रिनलिनमुळे त्या भिंती सोडतात आणि आकडा वाढतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात. रोज सिगारेट ओढणाऱ्याचा एकूण आकडा न ओढणाऱ्यापेक्षा वरच राहतो. गरोदरपणात तो सहज १२-१४ हजारांवर जातो आणि प्रसूतीच्या कळांत त्याच्याही बराच वर. बाईच्या शरीराचा तो नेहमीचा व्यवहार आहे. गरोदर बाईला सर्वसाधारण रेंज लावून घाबरवू नये. लहान मुलालाही मोठ्यांची रेंज लावू नये, कारण पहिली चार-पाच वर्षं त्यांच्या रक्तात लिंफोसाइटच जास्त असतात.

लिंफोसाइटचं तर आणखी पुढचं. शरीरातल्या एकूण लिंफोसाइटपैकी रक्तात सापडतात त्या दोन टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात. त्यामुळे सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या या मोजणीच्या, रिपोर्टवरून कोणाची प्रतिकारशक्ती चांगली आणि कोणाची कमजोर हे सांगता येत नाही. ९,००० वाल्याची ४,५०० वाल्यापेक्षा दुप्पट, असा हिशेब नसतो. काढे आणि पावडरी विकणारे लोक ‘पांढऱ्या पेशी वाढवा’ म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण निरोगी माणसात त्या वाढवण्याची गरजच नसते.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिंफोसाइट जवळपास सारख्याच दिसतात, कामं मात्र वेगळी असतात. टी, बी आणि एनके असे त्यांचे मोठे गट. त्यांना वेगळं करायला पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना चिकटणारी चमकती रसायनं लावतात आणि लेझरच्या प्रकाशातून पेशी सोडतात. याला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. त्या प्रथिनांना सीडी आणि पुढे क्रमांक, ही पद्धत १९८२ मध्ये पॅरिसला ठरली. निरोगी प्रौढात सीडी४ वाल्या मदतनीस टी पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात आणि बहुधा सीडी८ वाल्यांपेक्षा जास्त. बी पेशी साधारण १०० ते ५००, एनके त्याच्या आसपास.

सीडी४ हा आकडा आपल्याकडे एचआयव्हीमुळे घराघरांत पोचला. २००४ मध्ये सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांतून, मोफत औषधं सुरू झाली तेव्हा सीडी४ २०० च्या खाली गेला की गोळ्या सुरू, असं साधारण धोरण होतं. एकेका आकड्यावर माणसाचं औषध अडलेलं असे. पुढे मर्यादा वर वर सरकत गेली आणि २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करतात. याच काळात आपल्या माणसांची रेंज आपल्याच माणसांवर मोजायला हवी हे प्रकर्षाने पुढे आलं. भारतातल्या काही अभ्यासांत निरोगी लोकांचे सीडी४ पाश्चात्त्य पुस्तकांतल्या सरासरीपेक्षा थोडे कमी निघाले, बायकांचे पुरुषांपेक्षा थोडे जास्त. सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, असाही चढउतार त्यात असतो. म्हणून सीडी४ दर वेळी शक्यतो त्याच वेळेला आणि त्याच लॅबमध्ये करावा. पुण्यात भोसरीला १९९२ साली सुरू झालेल्या, तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा या कामात मोठा वाटा आहे.

दुसऱ्यांची रेंज लावली की काय होतं, याचं आफ्रिकन वंशाच्या लोकांतलं उदाहरण फार बोलकं आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. त्यामुळे व्हायव्हॅक्स मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल जन्मभर कमी दिसतात. संसर्ग मात्र जास्त होत नाहीत. गोऱ्या लोकांवरून काढलेल्या रेंजमुळे अशा निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं ‘पेशी कमी’ असा शिक्का बसला. कोणाला बोन मॅरो तपासणी सोसावी लागली, कोणाला गरजेचं औषध मिळालं नाही.

आपल्याकडचं तसं घरगुती उदाहरण इओसिनोफिलचं. ‘मला इओसिनोफिलिया आहे’, म्हणजे इओसिनोफिल वाढल्या आहेत, हे वाक्य महाराष्ट्रात किती सहज बोललं जातं! नगात ५०० च्या थोडं वर, ६००-७००, हे आपल्या धुळीत, अ‍ॅलर्जीत आणि पोटातल्या जंतांत नेहमीचं आहे. जंतांचं औषध घेऊन पुन्हा तपासलं की बऱ्याचदा उतरतं. पण विदर्भात, भंडारा-गडचिरोलीसारख्या हत्तीरोगाच्या भागात राहणाऱ्या माणसाला रात्री-रात्री कोरडा खोकला, दम लागणं आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर, तर ती वेगळी गोष्ट. हत्तीरोगाच्या कृमींमुळे फुप्फुसांत होणारा तो विकार टीबी किंवा दमा समजून भलत्याच औषधांवर जातो. डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्यांनी तो बरा होतो. इओसिनोफिलच्या १५०० च्या वर टिकून राहिलेल्या कोणत्याही आकड्याचं कारण शोधलंच पाहिजे.

मग खरं घाबरायचं कधी? न्यूट्रोफिल नगात ५०० च्या खाली आणि अंगात ताप, विशेषतः केमोथेरपी चालू असताना. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. काचपट्टीच्या शेऱ्यात ‘ब्लास्ट’ (म्हणजे अपरिपक्व पेशी) हा शब्द असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. साठीनंतर लिंफोसाइट नगात ५,००० च्या वर आणि महिनोन्‌महिने तशाच, तर फ्लो सायटोमेट्री करून घ्यावी. आकडा थोडाच बाहेर असला तरी सोबत वजन घटतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, मानेत-काखेत गाठी लागतात, तर आकडा बाजूला ठेवून त्या लक्षणांसाठी दाखवायचं. तापात पांढऱ्या पेशी कमी येणं मात्र डेंगी आणि इतर विषाणूंत नेहमीचंच, बहुतेकदा ताप गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्या भरून येतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याच रिपोर्टवर छापलेली नसते. ४,००० ते ११,००० हा पट्टा सगळ्या लोकांचा. एकट्या निरोगी माणसाचा आकडा इतका लांब हलत नाही, तो आपल्या ठरलेल्या जागेच्या आसपास राहतो. वर्षानुवर्षं ९,५०० च्या आसपास असणाऱ्याचा आज ४,५०० आला तर एकही अक्षर ठळक होणार नाही, पण पेशी निम्म्यावर आलेल्या असतील. तो बदल जुना रिपोर्ट शेजारी असला तरच दिसतो.

म्हणून त्या रात्री मी आत्याला म्हटलं, जुनी फाइल काढ. मामंजींच्या पेन्शनच्या कागदांखाली तिला दोन रिपोर्ट सापडले. २०१६ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा, एकूण ४,९००, लिंफोसाइट ४५ टक्के. २०२१ मध्ये करोना होऊन गेल्यावरचा, ५,६०० आणि ४३. ती फोनवरच गुणाकार करत होती, मला कॅल्क्युलेटरची बटणं ऐकू येत होती. २,२०५. २,४०८. आणि आताचे २,३९२.

‘म्हणजे माझं हे असंच असतं होय गं?’

मी म्हटलं, हो, दहा वर्षं तरी असंच आहे. उद्या डॉक्टरांना तिन्ही कागद एकत्र दाखव. तिने पेन्सिल मागवली आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात तो आकडा लिहून ठेवला.